एका वेळी एकच अवघड

बेटा, अनेक आशीर्वाद.

तुमच्या वाद्यमेळानं बसवलेला, तू पाठवलेला तुकडा मिळाला. आधी मोबाईलवर ऐकला, मग मुलाचा मोठा स्पीकर अंगणात मांडून ऐकला. सोबतची तुझी चिठ्ठीही वाचली. तू विचारतेस, "काका, साधं वाजवलं तर लोक म्हणतात, हा तर वरातीतला बँड. अवघड वाजवलं तर अर्धे उठून जातात. मग करावं तरी काय?" याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. सवडीनं वाच, आणि पोरांनाही वाचून दाखव.

आधी तुमच्या तुकड्याबद्दल. सुरुवात सात मात्रांत आहे, रूपक तालाच्या अंगानं. तू आणि ट्रम्पेट, दोघंही चौगुणीत, म्हणजे एका मात्रेत चार सूर घेत, सुटता. खाली कीबोर्ड दर मात्रेला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलतो. ढोलकीवाला लग्गी, म्हणजे ठेक्यातली जलद भर, लावतो आणि ऑक्टोपॅडवाला (विजेवरचं ठोक्यांचं वाद्य) जिथं फट दिसेल तिथं झांज मारतो. सगळ्यांचे हात तयार आहेत, हे पहिल्या दहा सेकंदांत कळतं. मग पहिलं मिनिट संपता संपता सगळे एकदम थांबतात आणि तू एकटीच क्लॅरिनेटवर आठ मात्रा वाजवतेस: ग म प ऽ, म ग रे सा. गंधार कोमल, काफी रागाचं वळण. पंचमावर थांबतेस तेव्हा सूर किंचित भरतो, आणि उतरताना दुसऱ्या गंधारावर तू केसभर रेंगाळतेस. तेवढ्यात आत भाकरी थापणारी सून दारात येऊन म्हणाली, "हे मस्त हाये, कोनाचं व्हय?" मी सांगेपर्यंत ते वळण संपलं होतं. पुढच्या सहा मिनिटांत ते एकदाही परत आलं नाही.

बेटा, ते वळण हीच तुझी चाल आहे. बाकीचं सगळं तिच्याभोवती उभं करायचं. तुम्ही उलटं केलंत: भोवतालचं सगळं बांधलंत आणि मधली मूर्ती एकदा दाखवून उचलून नेलीत.

मी आधी बँडमध्ये साईड ड्रम वाजवला, मग ट्रम्पेट, मग बँडपार्टी चालवली. एवढ्या वर्षांतून हाती लागलेला नियम एकच, आणि तो तुला देतो: एका वेळी एकच गोष्ट अवघड ठेवायची. सूर चौगुणीत पळत असतील तर खालचा ठेका सरळ केरवा, आठ मात्रांचा, असावा. ठेका सातचा असेल तर वरची चाल लांब सुरांची, ओळखीची असावी. कॉर्ड फिरवायचे असतील तर चाल जागची हलवू नये. ऐकणाऱ्याला धरायला एक काहीतरी स्थिर पाहिजे. ते असलं की उरलेलं तू कितीही गुंतव, तो तुझ्यासोबत येतो. तुमच्या सुरुवातीला चाल, ताल, कॉर्ड आणि भरणा, चारही एकाच वेळी अवघड आहेत. तिथं माणूस उठून जातो. त्याला कळत नाही म्हणून जात नाही. त्याला कुठं बसावं तेच सापडत नाही.

हे नीट समजून घे, कारण तुझ्या चिठ्ठीत एक वाक्य आहे, "गावातल्या लोकांना असलं संगीत झेपत नाही." ते वाक्य मनातून काढून टाक. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडं झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि लोक घरून सतरंजी, घोंगडी आणून थंडीत बसतात. दिवसभर धानाचं काम करून आलेली माणसं असतात ती. आपल्याकडं भजनाची बारी लागली की एकेका अभंगाच्या चालीवर, एकेका ठेक्यावर पारावरचे म्हातारे वाद घालतात. मृदंगवाल्याची मात्रा चुकली तर पहिली मान त्यांची वर होते. या माणसांचा कान कच्चा नाही. त्यांना अनोळखी गोष्ट ओळखीच्या दारातून आत आणून दे, एवढंच त्यांचं मागणं असतं.

शिवाय एक फरक लक्षात ठेव. तुम्ही हा तुकडा महिना-दोन महिने रोज घासलात. तुम्हाला त्यातलं प्रत्येक वळण पाठ आहे, म्हणून तुम्हाला तो सोपा वाटायला लागला आणि सोपा वाटला म्हणून तुम्ही त्यात आणखी भर घातलीत. समोरचा माणूस तो जन्मात पहिल्यांदा ऐकतोय, तेही एकदाच. गाण्याला शब्द तरी असतात. चाल निसटली तरी ओळ कानात राहते आणि ओळीमागून चाल परत येते. आपल्या नुसत्या वाद्यांच्या मेळात तो आधार नाही. भजनात ध्रुवपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, जे काम करतं, ते काम आपल्याकडं परत येणाऱ्या वळणाला करावं लागतं. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं तू लहानपणापासून ऐकली आहेस. चाल अशी सरळ की सगळा गाव एका दमात म्हणू लागतो. त्याच वेळी खंजिरीवर बोटं काय काय करत असतात ते कधी जवळ बसून बघ. गुंतागुंत आहेच, पण ती चालीच्या आड येत नाही. महाराजांच्या मोझरीच्या आश्रमाला गेलीस तर गर्दीकडं पाठ करून एखाद्या खंजिरीवाल्याच्या हाताकडं तासभर बघत बस. त्यात तुझ्या ढोलकीवाल्याचं शिक्षण आहे, त्यालाही ने.

आता वरातीच्या बँडबद्दल. तुझ्या लिहिण्यात त्याच्याबद्दल जरा संकोच दिसला. तो नको. वरातीच्या बँडनं जे साधं ठेवलं, ते कारणानं ठेवलं. आपल्याकडचा पितळी बँड मुळात लष्करी बँडवरून आला. नागपूरजवळची कामठीची छावणीच १८२१ सालापासूनची. लष्कराचं कवायतीचं वादन पायांसाठी असतं, डावा-उजवा, डावा-उजवा, म्हणून त्याचा ठेका दोनाचा. तीच वाद्यं पुढं वरातीत आली आणि रस्त्यावर चालत वाजू लागली. रस्त्याचं स्वतःचं एक गणित आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मारुतीच्या देवळापासून नवरदेवाची वरात निघाली, पुढं क्लॅरिनेट आणि मागं बडा ढोल, मध्ये नाचणारी पोरं, असं करत ३० मीटरचं अंतर पडलं, तर ढोलाचा ठोका पुढच्याच्या कानात सुमारे ०.०९ सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर चौगुणीतला एक सूर ०.१२५ सेकंदाचा. म्हणजे जवळजवळ एक अख्खा सूर इकडचा तिकडं होतो. अशा जागी सगळ्या पार्टीनं मिळून चौगुण वाजवली की नुसता चिखल ऐकू येतो. जुन्या मास्तरांनी हे मोजलं नव्हतं, पण त्यांना माहीत होतं. म्हणून बडा ढोल मधोमध चालायचा, ट्रम्पेट आणि युफोनियम (खालच्या सुरांचं पितळी वाद्य) चाल रुंद सुरांत धरायचे, आणि मुरक्या, ताना, जे काही नाजूक असेल ते एकट्या क्लॅरिनेटवाल्याकडं. त्याला कुणाशी जुळवून घ्यायचं नसायचं, त्यामुळं तो मोकळा. त्या मांडणीत साधं आणि अवघड दोन्ही होतं, आणि कोणतं कुणाकडं हे ठरलेलं होतं.

म्हणून तू आधी विचार की वाजवणार कुठं. दुर्गोत्सवाच्या मांडवात, एका सतरंजीवर सहा जण गोल बसून वाजवणार असाल, तर एकमेकांचा श्वास ऐकू येतो. तिथं चौगुण स्वच्छ येईल, सात मात्राही येतील. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत किंवा पोळ्याला तोरणाखाली वाजवणार असाल, तर तोच तुकडा दुसऱ्या अंगानं मांडावा लागेल. एकाच तुकड्याच्या बसून वाजवायच्या आणि चालत वाजवायच्या दोन मांडण्या तयार ठेव. मैदानावर उघड्यात बारीक काम वाऱ्यावर जातं; हे आवाज वाढवून सुटत नाही.

आता सर्वात महत्त्वाचं, आणि हे लिहिताना मला फार आनंद होतोय. तुझं ते आठ मात्रांचं वळण परत बघ. ग म प ऽ, म ग रे सा. पंचमानंतरची जी एक मात्रा तू थांबतेस, ती काढून टाक. उरतं काय? ग म प, म ग, रे सा. तीन, दोन, दोन. सात मात्रा, आणि फोड अगदी रूपकची! तुम्ही सुरुवातीला सात मात्रा बाहेरून आणून बसवल्यात; इथं त्या तुझ्याच चालीच्या पोटात होत्या. तेव्हा सुरुवात आठनं कर. केरव्यात ते वळण दोनदा-तीनदा शांतपणे वाजव, लोकांच्या पायांत आठ बसू दे. त्यांना तो पंचमावरचा थांबा अंगवळणी पडला की एका आवर्तनाला (तालाच्या एका फेरीला) तो काढून घे. सगळ्यांना काहीतरी घडल्याचं जाणवेल. मात्रा मोजता न येणाऱ्यालाही जाणवेल, कारण जिथं पाय ठेवायचा तिथली जमीन पुढं सरकलेली असेल. तिथून सातात रमा हवा तेवढा वेळ. रूपकची सम, म्हणजे पहिली मात्रा, खालीची असते, टाळीविना मोकळी, हे ढोलकीवाल्याला माहीतच आहे. तुझा पहिला गंधार त्या मोकळ्या मात्रेवर पडू दे, वर ठोसा नको. आणि सातातून परत आठात याल तेव्हा तो हरवलेला थांबा पुन्हा भेटेल. पंचम लांबव त्या वेळी. मांडवात मान हलली नाही तर मला सांग.

परत येताना तिहाई घ्या, म्हणजे एकच ओळ तीनदा वाजवून समेवर येणं, पण तीही साधीच. चालीची शेपटी "ग रे सा" घ्या, तीन मात्रांची. केरव्यात समेवरून सुरू करून ती तीनदा सलग वाजवली की नववा आघात, म्हणजे शेवटचा सा, बरोबर पुढच्या समेवर येतो. तीन त्रिक नऊ, आठ मात्रा संपून पुढची पहिली. ट्रम्पेट, तू आणि ढोलकी, तिघंच वाजवा. कीबोर्डनं त्या वेळी हात उचलायचे. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी जी लांबलचक तिहाई आहे, ती बसवायला कष्ट पडले असतील हे कळतं. पण ती इतकी लांब आहे की सम येईपर्यंत ऐकणारा वाट बघायचं सोडून देतो. तिहाईचा जीव लोकांनी सम आधीच ओळखण्यात आहे. त्यांची टाळी तुमच्यासोबत पडली पाहिजे.

पट्टीबद्दलही बोलायचं आहे, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीवर सा धरायचा त्याबद्दल. तिसऱ्या मिनिटाला तुम्ही काळी पाचवरून एकदम सफेद तीनवर जाता. हे कीबोर्डवाल्याला सुचलं असणार. त्याचं काय जातं, तो ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि बोटं तिथंच ठेवतो. तुझं क्लॅरिनेट आणि तो ट्रम्पेट बी फ्लॅटचे, म्हणजे काळी पाच ही तुमची घरची पट्टी. सफेद तीनवर गेलात की तुमच्या बोटांना एफ शार्पचा सा धरावा लागतो आणि काफीचे सूर घेतले की चार शार्प (चढे सूर) होतात. ट्रम्पेटवाला बिचारा तीन पिस्टनांत ते शोधत बसतो. रेकॉर्डिंगमध्ये तिथं दोघांचा सूर एकमेकांपासून सुटलाय, नीट ऐक. एवढ्या अवघडाचं ऐकणाऱ्याला मिळालं काय? फक्त एक हिसका.

त्यापेक्षा काळी दोनवर जा. म्हणजे आत्ताचा मध्यम तोच नवा सा. काफीतून काफीतच जाताना सगळे सूर तेच राहतात, फक्त जुना शुद्ध धैवत कोमल होतो आणि तोच नवा कोमल गंधार. एकच सूर बदलतो! वाजवणाऱ्याला एक फ्लॅट (उतरता सूर) वाढतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र अख्खा मांडव हळूच दुसरीकडं वळल्यासारखा वाटतो. कीबोर्डवाल्याला सांग, बदलायच्या आधी एक आवर्तन जुना 'सा' नुसता धरून बैस. कॉर्ड फिरवू नको. मग तो कोमल सूर आला की त्याचं वजन कळेल. याला मी चांगली गुंतागुंत म्हणतो. आत सगळं विचारानं रचलेलं असतं आणि बाहेरून कुणाला धक्का लागत नाही.

ट्रम्पेटच्या ओठांची काळजी घे. तो पोरगा सात मिनिटांत जेमतेम दोन-तीन ठिकाणी वाद्य खाली ठेवतो. ट्रम्पेटला वरचे सूर पिस्टननं येत नाहीत, ओठाच्या ताणानं येतात. पिस्टन तेच असतात. ओठ थकले की पहिल्यांदा वरचा सा खाली बसतो, आणि तो बसू नये म्हणून पोरगा वाद्य तोंडावर दाबतो, मग ओठ सुजतो. त्याला मध्ये दोन-दोन आवर्तनं गप्प ठेव. त्याच्या गप्प राहण्यानं तुझी क्लॅरिनेट ऐकू येईल आणि तो परत आला की त्याचं येणं ऐकू येईल. सतत वाजणारं वाद्य थोड्या वेळानं कुणालाच ऐकू येत नाही.

खालच्या सुरांतही गर्दी आहे. कीबोर्डचा डावा हात, युफोनियम आणि ढोलकीचा बायां, तिघंही एकाच जागी घुमतात. युफोनियमवाले काका आहेत ना तुमच्यात, जुने जाणते? तळ त्यांना दे. लांब सूर, आवर्तनाला एक किंवा दोन. डाव्या हाताला सुट्टी.

भर कशी कमी करायची, ते तुला कुणी शिकवायची गरज नाही. पऱ्हाटी लावताना आपण एका जागी दोन बिया टाकतो, दोन्ही उगवल्या की विरळणी करतो. उपटलेलं रोप वाईट नसतं, चांगलं हिरवंगार असतं, आणि तरी उपटतो, कारण राहिलेल्याला बोंड धरायचं असतं. तुमच्या तुकड्यात अशी हिरवीगार रोपं पुष्कळ आहेत. ऑक्टोपॅडवाल्याचा चौथ्या मिनिटाचा रोल छान आहे, तरी तो गेला पाहिजे, कारण त्याच्याखाली तुझी सर्वात सुंदर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) दबली आहे. त्याला वाईट वाटेल. त्याला समजावून सांग की त्याचा रोल दुसऱ्या तुकड्यात येईल, आणि खरंच आण.

पद्धत सांगतो. पहिल्या दिवशी फक्त तू आणि ढोलकी. चाल आणि ठेका. एवढ्यावर तुकडा उभा राहतो का ते बघा. उभा राहत नसेल तर वाद्यं वाढवून राहणार नाही, चाल पुन्हा घासा. उभा राहिला की युफोनियम घ्या. मग ट्रम्पेट. मग कीबोर्ड. प्रत्येक वाद्य आलं की एकदा त्याच्यासह आणि एकदा त्याच्याविना वाजवा आणि मोबाईलवर दोन्ही घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानानं ऐका. ज्याच्याविना काहीच कमी वाटलं नाही, त्याला तिथं नवं काम द्या किंवा गप्प बसवा. ऑक्टोपॅड सर्वात शेवटी. यात आठ-दहा दिवस जातील, जाऊ दे. मृग लागला की अर्धी पोरं वावरात जातील आणि रियाज तुटेल, त्याआधी हे उरकून घ्या.

आणि लाइट गेली की रियाज थांबवू नका. तुम्ही शाळेच्या खोलीत बसता, तिथं भारनियमनात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड दोन्ही मुके होतात. तेव्हा उरलेल्यांनी अख्खा तुकडा पहिल्यापासून वाजवायचा. अंधारात, नुसत्या फुंकीवर आणि चामड्यावर जो तुकडा तग धरतो, तो कुठंही धरतो. आमची पार्टी तर विजेविना वाजायची आणि चार गावं ऐकायची.

साधं वाजवणं म्हणजे कमी मेहनत, हा समज पोरांच्या मनात राहू देऊ नकोस. चौगुणीत सूर थोडा वरखाली झाला तर निसटून जातो, कुणाला पत्ता लागत नाही. पण तू आणि ट्रम्पेट मिळून तो पंचम चार मात्रा धरलात, की लपायला जागा नाही. दोन सूर किंचितही वेगळे असले तर हवेत लाटा उठतात, वाँव वाँव असा कंप येतो. तो कंप पूर्ण थांबेपर्यंत धरायचं, रोज. त्यात आपला उन्हाळा. पारा ४५ वर गेला की फुंकवाद्यांचा सूर चढतो आणि कीबोर्ड मात्र जिथं होता तिथंच राहतो. म्हणून सूर सावलीत जुळवून उन्हात वाजवायला जाऊ नका. जिथं वाजवायचं तिथं अर्धा तास आधी वाद्य बाहेर काढा, फुंकून गरम करा आणि मग जुळवा. ट्रम्पेटची जुळवायची नळी थोडी बाहेर, तुझ्या क्लॅरिनेटची बॅरल (मुखाजवळची जोडनळी) केसभर बाहेर. हिवाळ्यातल्या पहाटेच्या कार्यक्रमाला हेच उलटं. साध्या चालीचा तुकडा सुरात असेल तर त्यासारखं काही नाही, आणि बेसूर असेल तर त्याला कोणताही रोल वाचवू शकत नाही.

उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचं नाव तू ऐकलंच असशील. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांचे ते गुरू. किती वाद्यं त्यांना येत होती याचा हिशेब नाही, रागदारीतलं अवघडात अवघड त्यांच्या बोटांवर होतं. १९१८ च्या साथीनंतर मध्य प्रदेशातल्या मैहरमधली अनाथ झालेली पोरं त्यांनी गोळा केली आणि त्यांचा वाद्यवृंद उभा केला, मैहर बँड. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी त्या पोरांसाठी नलतरंग हे वाद्य केलं. आणि एवढ्या मोठ्या माणसानं त्यांच्यासाठी काय बांधलं? रागांतल्या छोट्या, घट्ट रचना, पोरांना तोंडपाठ करता येतील अशा. विद्या कमी पडली म्हणून त्यांनी साधं बांधलं, असं कोण म्हणेल? ज्याच्याकडं भरपूर असतं त्यालाच काय ठेवायचं ते निवडता येतं. तुझ्याकडं आता भरपूर आहे, बेटा. म्हणून हे सगळं तुला सांगतोय; दोन वर्षांपूर्वी सांगितलं नसतं. तेव्हा तुला भरायला पाहिजे होतं.

डीजे आणि धुमाळ (मोठ्या आवाजाची ढोलपार्टी) यांच्यापुढं आपण ऐकू कसे येणार, असं तू लिहिलंस, त्यावर थोडंच बोलतो. आवाजाच्या शर्यतीत उतरू नका. त्यांची स्पीकरची भिंत तुमच्या सहा जणांपेक्षा मोठीच वाजणार. लोकांना नाचायला ते पाहिजे, नाचू दे. तुमच्या मेळानं बसलेल्या माणसाला धरायचं. त्याला एक चाल घरी घेऊन जाता आली पाहिजे, दुसऱ्या दिवशी निंदण करता करता गुणगुणता आली पाहिजे. शब्द नसलेली चाल बाई निंदताना गुणगुणते, तेव्हा ती तिची झालेली असते.

लांबीबद्दल: सात मिनिटं फार झाली. साडेचारात बसवा. केरव्यात चाल, मग सात, मग तुझा एकटीचा आलाप ढोलकीशिवाय, मग काळी दोनवर सगळे मिळून, परत घरी येऊन तिहाई. तुला दुसरा क्रम सुचला तर तुझा क्रम धर, चाल तुझी आहे. फक्त ते वळण निदान चार वेळा यायलाच पाहिजे, आणि दर वेळी त्याच्याभोवतीचं एकच काहीतरी बदललेलं पाहिजे.

क्लॅरिनेटची नवी रीड (फुंकायची पात) नागपूरहून आणली असशील तर ती कार्यक्रमाच्या दिवशी लावू नकोस. आठवडाभर आधी रोज थोडी थोडी वाजवून मऊ कर. जुनीही जवळ ठेव.

पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग, तू आणि ढोलकी, मला पाठव. पंचमावरचा थांबा काढल्यावर ढोलकीवाला कुठं बघतो ते लिही. तुझ्याकडं बघत असेल तर त्याला अजून चाल पाठ नाही. युफोनियमवाल्या काकांना माझा नमस्कार सांग. आई-बाबांनाही.

तुझा काका